कातळटप्प्यावरची रांग

पुण्याच्या पश्चिमेकडच्या एखाद्या गडावरून माणूस पडला, की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारणे दोनच असतात: पाय घसरला, किंवा फोटोच्या नादात तोल गेला. दोन्ही बहुधा खरी असतात, पण ती शेवटच्या क्षणाची कारणे आहेत. ज्या कातळावरून माणूस सकाळी सात वाजता सहज वर गेला, त्याच कातळावर तो दुपारी दोन वाजता का घसरला? नऊ-दहापर्यंत खाली परतायला हवा होता तो दोन वाजेपर्यंत वर का होता? आणि तो घसरला तेव्हा त्याच्या नेमक्या खाली आणखी दहा-बारा माणसे का ताटकळत उभी होती, हे प्रश्न बातमीत येत नाहीत. पोलीस दप्तरातही अशी घटना ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंदली जाते. त्या नोंदीचा हेतू मृत्यूत काही संशयास्पद आहे का, हे ठरवण्यापुरता असतो. अपघात कसकसा घडत गेला याचा शोध घेणे हे तिचे काम नाही. या लेखात तपासायचे आहे ते हे ‘घडत जाणे’. कारण गेल्या दहा-पंधरा वर्षांत इथल्या धोक्याचे स्वरूप बदलले आहे, असे मला वाटते. पूर्वी तो बव्हंशी एकेकट्याच्या चुकीत असे; आता तो संख्येत, वेळापत्रकात आणि वाटेच्या अरुंदपणात मुरला आहे. आपले उपाय मात्र अजून हुल्लडबाजालाच शोधत फिरत आहेत.

सुरुवात दगडापासून करावी लागेल. सह्याद्री हा दख्खनच्या लाव्हाथरांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टचा डोंगर आहे. हे थर जवळजवळ आडवे, एकावर एक बसलेले असले तरी एकसारखे नाहीत. घट्ट, उभ्या भेगांचा थर कड्याच्या रूपाने टिकून राहतो. सच्छिद्र, पोकळ्यांमध्ये खनिजे भरलेला थर लवकर कुजून त्याचा मुरूम होतो. आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या मधली तांबडी माती पावसाबरोबर निघून जाते. त्यामुळे डोंगराची बाजू सलग उतरत नाही. कडा, मग गवताचा तिरपा पट्टा, मग पुन्हा कडा, अशी ती टप्प्याटप्प्याने उतरते. खालून पाहणाऱ्याला हे सगळे टप्पे स्पष्ट दिसतात. वरून उतरणाऱ्याला फक्त गवताचा पट्टा दिसतो आणि त्याच्यापलीकडे थेट दरीतली शेते दिसतात. मधला शंभर-दीडशे फुटांचा तुटलेला भाग नजरेच्या टप्प्यातच येत नाही. आल्प्स किंवा हिमालयाच्या पायथ्याशी वाट चुकलेल्या माणसाला ‘पाण्याच्या कडेने खाली जा’ हा सल्ला काही वेळा उपयोगी पडत असेल. इथे तो प्राणघातक ठरू शकतो, कारण इथला ओढा आडव्या थरावरून वाहत येतो आणि थर संपतो तिथे कड्यावरून धबधबा होऊन कोसळतो. नाळेतून, म्हणजे ओढ्याच्या घळीतून, उतरू पाहणारा माणूस एक उडी मारून खालच्या टप्प्यावर पोहोचतो, दुसरी मारतो, आणि तिसऱ्या ठिकाणी त्याच्या पुढे कडा असतो व मागे चढता न येणारा कातळ. मे 2022 मध्ये लोणावळ्याजवळच्या नागफणीच्या परिसरात एकटाच गेलेला दिल्लीचा एक तरुण अभियंता वाट चुकला. चुकल्याचे त्याने फोनवरून कळवलेही होते, पण चार दिवसांनी त्याचा मृतदेहच हाती लागला. त्याच्या बाबतीत नेमके काय घडले हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. एवढे मात्र म्हणता येईल की फोन लागणे आणि माणूस सापडणे यांच्यात या भूरचनेत फार मोठे अंतर असते.

दगडाची दुसरी बाब अधिक साधी आहे आणि तिच्याकडे त्याहूनही कमी लक्ष जाते. चढणे आणि उतरणे या एकाच कौशल्याच्या दोन दिशा नाहीत. कातळटप्पा चढताना पुढची खोबण डोळ्यांसमोर असते, हात आधी पोहोचतो, पाय मागून येतो, शरीराचा भार डोंगराच्या बाजूला असतो आणि चूक झालीच तर ती वजन टाकण्याआधी कळते. उतरताना पाय आधी जातो आणि तो जिथे जातो ती जागा स्वतःच्याच गुडघ्याने व पाठीवरच्या पिशवीने झाकलेली असते. शिवाय अननुभवी माणूस दरीकडे तोंड करून, बसत-घसरत उतरतो. त्यामुळे पाठ कातळाला टेकते, टाचा मुरुमावर येतात आणि बुटाच्या तळव्याचा जेवढा भाग दगडाला चिकटायला हवा तेवढा चिकटत नाही. अशा वेळी तोंड कातळाकडे करून उतरावे, हात-पाय मिळून तीन आधार कायम ठेवावेत आणि चौथाच हलवावा, हे सांगायला दोन मिनिटे लागतात, अंगवळणी पडायला काही महिने. त्यातच उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात. हा प्रकार स्नायूंना थकवतो, आणि त्याचा परिणाम धाप लागण्यासारखा लगेच जाणवत नाही. तो पायांच्या थरथरण्यातून, एखादी पायरी अर्धा इंच चुकण्यातून प्रकट होतो. म्हणजे वाटेचा अवघड भाग शरीर सर्वांत अविश्वसनीय झालेले असते तेव्हा समोर येतो, आणि शरीराने दिलेली सूचना माणूस ओळखत नाही.

पुण्यात तर ती ओळखण्याची मोजपट्टीच वेगळी आहे. या शहरात डोंगरावरची लायकी सिंहगडावर ठरते. आतकरवाडीतून गड किती मिनिटांत चढलास, हा इथल्या ट्रेकर मंडळींचा परस्परांना विचारायचा प्रश्न, आणि तो काही वाईट नाही. आठवड्याला एकदा सिंहगड करणाऱ्या माणसाचे हृदय आणि फुप्फुसे माझ्यापेक्षा नक्कीच बरी असतील. पण सिंहगडाची रुळलेली वाट मोजते ते श्रम. पाऊल चुकले तर काय होईल, या प्रश्नाला तिथे बहुतेक ठिकाणी ‘गुडघा फुटेल’ एवढेच उत्तर आहे. शिवाय वर डांबरी रस्ता येतो, दही-ताक मिळते आणि मोडलेल्या पायाला गाडी मिळते. हीच मोजपट्टी घेऊन माणूस राजगडाच्या बालेकिल्ल्यावर किंवा नाशिककडच्या हरिहरच्या खड्या पावठ्यांवर जातो, तेव्हा ती तिथे काहीच मोजत नाही. तिथे श्रम फार नसतात. चूक झाल्यास होणारा परिणाम तेवढा वेगळा असतो.

ट्रेकच्या जाहिरातींत सर्रास दिसणारी ‘सोपा ते मध्यम’ ही श्रेणी या दोन गोष्टींची सरमिसळ करते. अंतर, चढण आणि लागणारा वेळ हा एक अक्ष. चुकीचा परिणाम, ज्याला गिर्यारोहक ‘एक्स्पोजर’ म्हणतात, तो दुसरा. दोन तासांच्या वाटेवर वीस फूट कातळ असेल आणि त्याखाली दोनशे फुटांची दरी असेल, तर पहिल्या अक्षावर ती वाट सोपी आणि दुसऱ्यावर गंभीर आहे. दोहोंची सरासरी काढून तिला ‘मध्यम’ म्हणणे ही माहिती नाही, माहितीचा नाश आहे. स्विस आल्पाइन क्लबची पायवाटांची श्रेणी टी-1 ते टी-6 अशी आहे, आणि तिच्यात वरच्या पायऱ्या दमछाकीवरून ठरत नाहीत. हात वापरावे लागतात का, घसरल्यास पडण्याचा धोका आहे का, वाट स्वतः शोधावी लागते का यांवरून ठरतात. तिथे साध्या डोंगरवाटेच्या खुणा पांढऱ्या-लाल रंगाच्या आणि अवघड वाटांच्या पांढऱ्या-निळ्या असतात, त्यामुळे फरक वाटेवरच कळतो. आपल्याकडे असा फरक तोंडी परंपरेत होता. अमुक ठिकाणी दोर लावावा लागतो, अमुक नाळ पावसाळ्यात वर्ज्य, हे क्लबातला ज्येष्ठ सांगत असे किंवा पायथ्याच्या गावातला वाटाड्या. ज्या पुण्यात 1982 मध्ये ‘गिरिप्रेमी’ स्थापन झाली आणि 2012 मध्ये जिथून एव्हरेस्टवर मोठी नागरी मोहीम गेली, तिथे या ज्ञानाचा तुटवडा आहे असे म्हणता येणार नाही. तुटली आहे ती ज्ञान आणि गर्दी यांना जोडणारी वाट. आज शनिवारी रात्री शिवाजीनगर, नळस्टॉप किंवा वाकडहून निघणाऱ्या बसमधल्या माणसाला ट्रेक समजतो तो रीलमधून, वाट मिळते ती मोबाइलवरच्या आखलेल्या रेषेतून, आणि ज्येष्ठाची जागा घेतो तो अनेकदा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा ‘ट्रेक लीडर’. उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या संस्थांत गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम जवळजवळ महिनाभराचा असतो. चाळीस अनोळखी माणसांना कड्यावरून खाली आणण्याची जबाबदारी घेण्यासाठी मात्र व्यवहारात एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. काही आयोजक अत्यंत काटेकोर आहेत, हे इथेच नोंदवले पाहिजे. अडचण अशी की काटेकोर आणि बाकीच्या आयोजकांत ग्राहकाला फरक दिसतो तो फक्त शुल्कात, आणि काटेकोर आयोजक महाग पडतो.

आता रांगेकडे वळू, कारण माझ्या मते मुख्य यंत्रणा तीच आहे. राजगडाच्या बालेकिल्ल्याला चढण्या-उतरण्याची वाट एकच आहे: पद्मावती माचीवरून आडवे जायचे, मग कातळातल्या खड्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे धरून महादरवाजा गाठायचा. काही जागा अशा आहेत की तिथे एका वेळी एकाच माणसाने, एकाच दिशेने जाणे शहाणपणाचे. अशा एका जागी प्रत्येकाला सरासरी अर्धा मिनिट लागते असे धरू. हा अंदाज उदार आहे. घाबरलेला माणूस एकटाच पाच मिनिटे घेतो. तरीही त्या जागेची क्षमता तासाला 120 माणसे, दोन्ही दिशा मिळून. एखाद्या सुट्टीच्या सकाळी 300 माणसे वर गेली आणि परत आली, तर त्या जागेवरून 600 वेळा जाणे-येणे झाले, म्हणजे पाच तास, तेही कुणी न अडखळता. ही माणसे पाच तासांत समान विखुरलेली आली असती तर काही बिघडले नसते. पण बसेस एकाच वेळी निघतात, सूर्योदय सर्वांना एकाच वेळी हवा असतो, आणि परतीच्या जेवणाची वेळही एकच असते. म्हणून रांग लागते. ती लांबत जाते तेव्हा तिच्यात चार गोष्टी एकदम घडतात, आणि त्या एकमेकींना बळ देतात.

पहिले, उभा राहिलेला माणूस थंड पडतो. विशेषतः पावसाळ्यात भिजलेल्या कपड्यांत वाऱ्यावर अर्धा तास उभे राहिल्यावर बोटांची पकड पहिल्यासारखी राहत नाही. उन्हाळ्यात उलट होते: दहाला संपायचा उतार एकला सुरू होतो, पाण्याची बाटली रांगेतच संपते, आणि काळा कातळ अंगावर ऊन फेकू लागतो. दुसरे, रांगेला कंटाळलेला माणूस कडेने वाट काढतो. ती कड म्हणजे वापरात नसलेला, म्हणूनच न साफ झालेला कातळ; त्याच्यावरचा सुटा दगड पाडणारा पहिला माणूस तोच असतो, आणि तो दगड खाली रांगेत उभ्या असलेल्यांवर येतो. मोकळ्या वाटेवर दगड पडणे हा दैवाचा भाग मानता येईल. भरलेल्या वाटेवर दगड पाडणारी आणि दगड झेलणारी अशी दोन्ही माणसे आपणच पुरवलेली असतात. तिसरे, रांगेत मागे फिरता येत नाही. ज्या बाईला किंवा मुलाला चढतानाच ‘हे आपल्याला झेपणार नाही’ असे कळले, त्यांना उतरण्यासाठी वर येणाऱ्या पन्नास जणांना थांबवावे लागेल. संकोचापोटी ती वरच जातात, आणि न झेपणारा भाग थकलेल्या अवस्थेत उतरण्यासाठी शिल्लक ठेवतात. चौथी गोष्ट मानसिक आहे. समोर साडी नेसलेली आजी आणि चपला घातलेला मुलगा दिसला, की वाट सोपी आहे असा निष्कर्ष निघतो. पण त्या आजीने आणि त्या मुलाने ती वाट अजून उतरलेली नसते. शिवाय जे वर्षानुवर्षे सुखरूप परतले त्यांच्यापैकी किती जण थोडक्यात वाचले, याची कुठेच मोजदाद होत नाही. वाट सुरक्षित आहे याचा पुरावा म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, तो पुष्कळदा केवळ आजवरच्या नशिबाचा हिशेब असतो.

(मधमाश्या हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, आग्या मोहोळे असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा यांनी ती उठतात, आणि तेव्हा पळायला जागा असणे हेच एकमेव संरक्षण असते. नेढ्यापाशी गर्दी असेल तर ती जागा नसते, एवढेच इथे पुरे.)

या सगळ्यावर पाऊस बसतो, आणि पाऊस हा पुणेकराला फसवणारा घटक आहे, कारण पुण्याचा पाऊस आणि पुण्याच्या डोंगराचा पाऊस या दोन भिन्न वस्तू आहेत. शहराची वार्षिक सरासरी साधारण सातशे ते साडेसातशे मिलिमीटर. पश्चिमेला पन्नास-साठ किलोमीटरवरच्या ताम्हिणीत ती पाच हजारांच्या वर जाते. 25 जुलै 2024 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत शिवाजीनगरला शंभर मिलिमीटरहून थोडा अधिक पाऊस झाला. त्याने शहरात हाहाकार उडाला. त्याच चोवीस तासांत ताम्हिणीत साडेपाचशेच्या आसपास मिलिमीटरची नोंद झाली. पातळ माती, खाली पाणी न मुरणारा कातळ आणि लहान पाणलोट अशा रचनेत पडलेले पाणी जिरत नाही. ते मिनिटांत ओढ्यात येते. ओढ्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावर त्या वेळी पाऊस असेलच असे नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात पुण्यातल्या एकाच कुटुंबातले पाच जण, त्यांत लहान मुले, वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून ते उभे असल्याची चित्रफीत सर्वांनी पाहिली. अनेकांनी तीवर बेफिकिरीचा शेरा मारला. पण ती जागा वर्षानुवर्षे कुटुंबांनी उभे राहण्याचीच होती. प्रवाह बदलला, आणि तो कोणत्या वेगाने बदलतो हे तिथे उभ्या असलेल्या कुणालाही कुणी सांगितलेले नव्हते. अंधारबनसारख्या वाटांवर तर सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा परतताना कमरेला लागू शकतो, आणि मागे-पुढे असे दोन ओढे असतील तर गट मध्येच अडकतो. त्यातला एखादा धीट माणूस दोर न लावता पाण्यात उतरतो. मृत्यू तिथे होतो.

प्रशासनाचा प्रतिसाद तीन प्रकारचा दिसतो: मनाई, कठडा आणि नोंदणी. भुशीच्या घटनेनंतर पुणे जिल्ह्यात धबधबे व धरण परिसरांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. रायगड जिल्ह्यात देवकुंडसारख्या ठिकाणांवर पावसाळ्यात असे आदेश याआधीही निघत आले आहेत. मनाईचा एक फायदा निर्विवाद आहे: ज्या जागी ती लागू असते आणि पोलीस उभा असतो, त्या जागी त्या दिवशी कुणी मरत नाही. मात्र बस रद्द होत नाही, तिची दिशा बदलते. नावाजलेला धबधबा बंद झाला की गर्दी पुढच्या, बिननावाच्या धबधब्याकडे सरकते, जिथे वाट रुळलेली नसते, फोन लागत नसतो आणि गावकऱ्यांनाही एवढ्या माणसांची सवय नसते. मनाईमुळे एकूण धोका कमी झाला की फक्त त्याची जागा बदलली, हे कळण्यासाठी आसपासच्या ठिकाणांवरची गर्दी आधी आणि नंतर मोजावी लागेल. तशी मोजणी न करता दिलेला आदेश फार तर सद्भावनेचा आदेश ठरतो.

कठड्याचे गणित आणखी अवघड आहे, कारण कठडे खरोखरच जीव वाचवतात आणि म्हणूनच त्यांच्यावर टीका करणे क्रूर वाटते. पण कठडा बसला की त्या वाटेवर येणारा माणूस बदलतो. पूर्वी जो घाबरून माचीवरूनच परतला असता तो आता बालेकिल्ल्यावर जातो. एका माणसाचा तोल सावरण्यासाठी बसवलेल्या नळीला एका वेळी आठ माणसे लोंबकळतात. आणि सच्छिद्र कातळात ठोकलेला, दरवर्षी चार महिने पावसात गंजणारा खिळा किती भार घेतो याची तपासणी कुणी, किती वर्षांनी करायची हा प्रश्न उद्घाटनाच्या फलकावर नसतो. अमेरिकेतल्या योसेमिटीत हाफ डोम या कातळाच्या शेवटच्या टप्प्याला लोखंडी दोर लावलेले आहेत. गर्दी वाढल्यावर तिथल्या व्यवस्थापनाने आणखी दोर लावले नाहीत. 2010 पासून त्यांनी परवाना सुरू केला आणि पुढे दिवसाला सुमारे तीनशे माणसांची मर्यादा घातली. त्यामागचा विचार इतकाच की आधाराची क्षमता आणि माणसांची संख्या या एकाच समीकरणाच्या दोन बाजू आहेत, एक वाढवून दुसरी मोकळी सोडता येत नाही. जपानमध्ये 2024 साली फुजी पर्वताच्या सर्वाधिक गर्दीच्या योशिदा वाटेवर दिवसाला 4,000 ची मर्यादा, शुल्क, आणि दुपारी चारनंतर फाटक बंद असे नियम आले. त्यांचा रोख प्रामुख्याने रात्रभर न विसावता, सूर्योदय गाठण्यासाठी चढणाऱ्यांवर होता. शुक्रवारी दिवसभर काम करून, रात्री बसमध्ये अर्धवट झोपून पहाटे तीनला चढायला लागणारे आपले गट याच वर्णनात बसतात, आणि आपण मात्र त्या वेळापत्रकाला धोका मानत नाही, उत्साह मानतो.

उरली नोंदणी. साहसी उपक्रमांविषयी महाराष्ट्रात 2018 चा शासन निर्णय आहे, 2021 चे साहसी पर्यटन धोरण आहे. आयोजकाची नोंदणी, प्रशिक्षित मनुष्यबळ, सुरक्षेची साधने असे मुद्दे त्यांत येतात आणि ते योग्यच आहेत. माझा आक्षेप त्यांच्या आशयाला नाही, त्यांच्या एककाला आहे. हे नियम आयोजकाला एकक मानतात. एका आयोजकाने चाळीस माणसे, दोन प्रशिक्षित लीडर आणि प्रथमोपचार पेटी आणली तर तो निर्दोष. पण असे बारा निर्दोष आयोजक एकाच रविवारी एकाच कातळटप्प्याशी आले, तर जो धोका तयार होतो तो त्यांच्यापैकी कुणाच्याही कागदावर दिसत नाही. तो धोका वाटेचा आहे, म्हणून एकक वाट असायला हवे: या वाटेवर, या ऋतूत, ताशी किती माणसे, कोणत्या दिशेने, किती वाजेपर्यंत. जुलै 2023 मध्ये लोहगडावर रविवारच्या गर्दीने पायऱ्यांवर माणसे दीर्घकाळ अडकून पडली, ती दृश्ये गाजली आणि विसरली गेली. लोहगडाला प्रशस्त पायऱ्या आहेत. तेवढीच गर्दी पायऱ्या नसलेल्या जागी झाली असती तर काय झाले असते, याचा विचार करण्याची ती फुकट मिळालेली संधी होती.

वाटेला एकक मानणारे नियम येईपर्यंत सगळा भार पडतो तो बचाव करणाऱ्यांवर. महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर, लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र आणि ठिकठिकाणचे गिर्यारोहक यांचे काम बव्हंशी स्वयंसेवी आहे. फोन आल्यावर नोकरी-धंदा सोडून माणसे जमतात, पायथ्याशी पोहोचतात, अंधारात चढतात, आणि मग स्ट्रेचरवरचा माणूस हातांवर खाली आणतात. तीव्र उतारावर स्ट्रेचर नेताना एका वेळी सहा-आठ जण लागतात, ते दर काही मिनिटांनी बदलावे लागतात, आणि बसमधून उतरून दीड तासात चढलेली वाट अशा प्रकारे उतरायला रात्र लागू शकते. डोक्याला मार लागलेल्या किंवा आतून रक्तस्राव होत असलेल्या माणसासाठी शहरात ज्या पहिल्या तासाला महत्त्व असते तो इथे गृहीतच धरता येत नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये केरळात मलमपुळा इथल्या डोंगरात कपारीत अडकलेल्या एका तरुणाला सोडवायला अखेर लष्कराची पथके आणावी लागली, आणि तोवर चाळीस तासांहून अधिक वेळ गेला होता. अडकलेला तो एकटाच होता, जागा ठाऊक होती, हवा कोरडी होती. इथल्या स्वयंसेवकांचे कर्तृत्व मोठे आहे, पण त्या कर्तृत्वाचा एक नकळत परिणाम असा की व्यवस्थेतली तूट दिसत नाही. प्रत्येक यशस्वी बचावानंतर बातमी शौर्याची होते. माणसे रांगेत का होती, हा प्रश्न पुन्हा मागे पडतो.

एकेकट्याचे अपघात चालू राहतील; त्यांच्याशी जगण्याची आपल्याला सवय झाली आहे. मला अधिक चिंता आहे ती एकाच जागी, एकाच मिनिटात अनेकांना गाठणाऱ्या अपघाताची, आणि ती कल्पनाविलास नाही. 25 जानेवारी 2005 रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत तीनशेच्या आसपास माणसे गेली. तिथे कडा नव्हता. चढाची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकाने, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, वरून येणारे आणि खालून जाणारे लोक एकाच जागी, आणि मग घसरलेल्यांवर पडत गेलेली माणसे; पुढे आग लागली, सिलिंडर फुटले. न्या. राजन कोचर आयोगाने त्याची चौकशी केली. गर्दीचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की व्यक्तीचा विवेक, धैर्य, अनुभव यांपैकी कशाचाही उपयोग राहत नाही, कारण ती स्वतःच्या पायांवर उभीच नसते. तिथे जे दुकानांच्या भिंतींनी केले, ते कातळटप्प्यावर एका बाजूचा डोंगर करेल. दुसऱ्या बाजूला भिंतही नसेल. त्यासाठी फार काही लागत नाही: पन्नास-साठ माणसे खड्या भागावर, अचानक आलेली सर, वरच्या बाजूने घाईने उतरू पाहणारा गट, आणि उठलेले मोहोळ किंवा सुटलेला एक दगड. यांतली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे दर पावसाळ्यात घडते आहे. त्या एकाच वेळी घडण्याची शक्यता माणसांच्या संख्येबरोबर वाढते, आणि ती सरळ प्रमाणात वाढत नाही, त्याहून वेगाने वाढते.

जुलै 2025 मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले शिवनेरी, लोहगड आणि राजगड पुणे जिल्ह्यातले. त्याचा आनंद खरा आहे, आणि त्याबरोबर येणारी माणसेही खरी असतील. वारसास्थळाच्या व्यवस्थापनात दगडांची, तटबंदीची, टाक्यांची काळजी ओघाने येतेच. तिच्यात राजगडावर गुंजवण्याहून चोरदरवाज्याकडे चढणाऱ्या वाटेवर आणि बालेकिल्ल्याच्या कातळावर एका तासात किती माणसे सुरक्षितपणे जाऊ-येऊ शकतात, हा आकडाही आला पाहिजे. तो काढायला उपग्रह लागत नाही. चार रविवार, दोन माणसे, एक घड्याळ आणि एक वही पुरते. आकडा हाती आल्यावर त्याच्याशी काय करायचे यावर प्रामाणिक मतभेद होतील: कुणी पूर्वनोंदणी सुचवेल, कुणी उतरण्याच्या ठरावीक वेळा, कुणी वाटाड्यांना वाट अडवण्याचा अधिकार, आणि गड हे तीर्थासारखे आहेत, तिथे माणसे मोजायची नाहीत, असेही कुणी म्हणेल. तो वाद व्हायला हवा. मात्र आज तो होऊच शकत नाही, कारण ज्यावर वाद करायचा तो आकडाच कुणी मोजलेला नाही. पुढच्या पावसाळ्याच्या बसची नोंदणी साधारण मे अखेरीस सुरू होते.